माफीनाम्यावरचं नाव

"वहिनी, तुम्हाला इंग्रजी बऱ्यापैकी येतं ना?"

तांबवेकर काका दारात उभे होते. शनिवार, सकाळचे साडेनऊ. दर शनिवारी ते यायचेच, पण दोन्ही खांद्यांवर पुस्तकांच्या पिशव्या अडकवून आणि जिन्यातूनच "बघा काय आणलंय आज" असं ओरडत. त्या दिवशी पिशव्या नव्हत्या. हातात फक्त एक लांबडं पाकीट होतं, कडेनं ब्लेडनं नीट कापलेलं.

"ऑफिसात चालतं तेवढं येतं," मी म्हटलं. "या की आत. काय झालं?"

"रजिस्टर पोस्टानं आलंय. पुण्याच्या वकिलाचं. एवढं वाचा आणि मला मराठीत सांगा, काय म्हणणं आहे त्यांचं."

मी चहाचं आधण उतरवलं आणि वाचायला बसले. पहिल्या ओळीत त्यांचं नाव, वाचनालयाचं नाव, कराडचा पत्ता. मग 'उजळवाट' दिवाळी अंकाचं नाव. तिसऱ्या परिच्छेदाला आले आणि तो मी परत पहिल्यापासून वाचला.

त्या कागदात जे कुणीतरी केलं असं लिहिलं होतं, ते मी केलं होतं.

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

"म्हणतायत..." मी कागद डोळ्यांजवळ धरला. "अख्ख्या अंकाचे कुणीतरी मोबाईलवर फोटो काढले, पीडीएफ केली आणि व्हॉट्सअॅपवर वाटली. लक्ष्मीपूजनाच्या आधीच. हजारो लोकांकडे गेलीय म्हणे."

"अरेरे. मग मला कशाला कळवतायत?"

"तो अंक तुमच्या वाचनालयातला होता म्हणतायत."

"कशावरून?"

मलाही तेच हवं होतं, कशावरून? पहिल्या पानावरचा वाचनालयाचा शिक्का मी स्वतः झाकला होता, त्यावर झेंडूच्या फुलांचं चित्र चिकटवून. तेवढीच दिवाळीची शोभा! मी पाकिटातला शेवटचा कागद काढला. एका पानाची रंगीत प्रत होती ती. वर कविता आणि कवितेच्या पायाशी जांभळ्या शाईत गोल शिक्का, सुबोध फिरते वाचनालय, कराड.

"सदतीस नंबरचं पान," काका म्हणाले, आणि त्या अवस्थेतही जरासे हसले. "आमचं गुप्त पान आहे ते."

"म्हणजे?"

"प्रत्येक वाचनालयाचं एक असतं. पहिल्या पानावरचा शिक्का कुणीही फाडून टाकतो. म्हणून आत एका ठरावीक पानावर दुसरा मारायचा. कुणाचं एकवीस, कुणाचं एकावन्न. माझं सदतीस. एकतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुम्हाला सांगितलं बघा."

दोनशे बारा पानं मी माझ्या हातांनी उलटली होती. पण वाचत कोण होतं? ओट्यावर पोळपाट उलटा ठेवायचा, त्यावर अंक, पान हलू नये म्हणून कडेला वरवंटा, आणि वरून फोटो. पान, फोटो, पान, फोटो. कविता तर मी बघितलीसुद्धा नव्हती.

आता मी हे का करत होते तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई मुळातच चोर. माझे यजमान, नंदकुमार, त्याच्या तीन वर्षं आधी गेले. मोटारसायकलवरून पडले, डोक्याला मार लागला, संपलं. चौदाव्या दिवसापर्यंत जो येईल तो सल्ला देऊन गेला. तांबवेकर काका एकटे असे आले की त्यांनी सल्ला दिला नाही. टीपॉयवर एक पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "वाचा नाहीतर राहू द्या. शनिवारी बदलून नेईन." तेव्हापासून एक शनिवार चुकला नाही. वर्गणीचं नावसुद्धा काढू दिलं नाही मला.

पुढे यजमानांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर मला नोकरी लागली, भूमी अभिलेख कार्यालयात, कनिष्ठ लिपिक. ऑफिसात मी म्हणजे 'बिचारी'. गल्लीत 'बिचारी'. माहेरीही तेच. आणि मग कुणीतरी मला 'अक्षरमेळा' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं. तिथे दोनशे चाळीस माणसं होती आणि एकालाही माझं काही ठाऊक नव्हतं. एकदा सहज एका जुन्या अंकातली कथा फोटो काढून टाकली. काय ते कौतुक! 'वैजूताई ग्रेट', 'वैजूताई, तुमच्यामुळे वाचायला मिळतं', टाळ्या, फुलं, नमस्कार. वर्षभरात मी त्या ग्रुपची अॅडमिन झाले. दिवाळी अंक आला की सगळ्यांत आधी वैजूताईनं टाकायचा, हे ठरूनच गेलं. चोरी वगैरे काही मनातच नव्हतं हो. उलट प्रत्येक पीडीएफच्या शेवटच्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहायची, 'सेवा : वैजूताई, कराड', आणि खाली माझा मोबाईल नंबर. चोर आपला नंबर देऊन चोरी करतो का? मी करत होते.

"शिक्षा काय असते याला?" काकांनी विचारलं.

मी वाचलं. कॉपीराइट कायदा, कलम त्रेसष्ट. सहा महिने ते तीन वर्षं.

"तीन वर्षं," मी म्हटलं.

"बाप रे." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "मी तर असलं काही करूच शकत नाही. माझा मोबाईल तुम्ही पाहिलाय. आणि आपल्या सभासदांतलंही कुणी करणार नाही. काय?"

"नाही करणार," मी म्हटलं.

"मग तसं उत्तर टाईप करून द्या. तुमच्याकडे कॉम्प्युटर आहेच. आत्ताच देता का? बारा वाजता पोस्ट बंद होतं."

नंदकुमार नोकरी सांभाळून लग्नपत्रिका करायचे, त्या कॉम्प्युटरवर मी बसले. काका सांगत गेले आणि मी टाईप करत गेले. 'आमचे सर्व सभासद सुसंस्कृत व विश्वासू असून, त्यांपैकी कोणीही असे कृत्य केले नसल्याची मी ग्वाही देतो.' ग्वाही शब्द मी सुचवला. काकांना आवडला. सही करून ते घाईघाईनं गेले आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. मृदुला तेव्हा नऊ वर्षांची होती.

नंतरचे चार दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. लक्ष्मीपूजनाच्या आधी तो अंक कुणाकडे होता? फक्त माझ्याकडे. नवा अंक आला की काका तो पहिल्यांदा मलाच देत. 'तुमचं वाचून झालं की मग जगाला' म्हणत. रजिस्टरमध्ये माझं नाव, तारखेसकट, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात होतंच. ते रजिस्टर उघडतील आणि बोट ठेवतील, की झालं. आणि माझ्या नोकरीला प्रोबेशनचे चार महिने उरले होते. गुन्हा दाखल झाला, अठ्ठेचाळीस तास कोठडीत काढले की निलंबन, हे मला पाठ होतं. अनुकंपाची जागा एकदाच मिळते. ती गेली की मी आणि मृदुला रस्त्यावर.

मी ग्रुपवरून पीडीएफ काढून टाकायला गेले. 'सर्वांसाठी हटवा' ही सोय केव्हाच निघून गेली होती. दोनशे चाळीस मोबाईलांत ती बसलेली, शेवटच्या पानावर माझ्या नंबरसकट. मग पुण्याला गेलेल्या प्रतीवरून त्यांनी मला कसं नाही गाठलं? खूप शोधल्यावर दुसऱ्या एका ग्रुपवर कळलं. बार्शीच्या कुणा निवृत्त गुरुजींनी माझं पान काढून तिथं आपलं नाव घातलं होतं, 'सौजन्य' म्हणून. गुरुजींची मात्र तेवढीच एक ओळ, ना नंबर ना पत्ता. चोरावर मोर म्हणतात तो हा! एरवी मी त्यांची सालटी काढली असती. त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला आणि त्या गुरुजींना दीर्घायुष्य मागितलं.

बुधवारी ऑफिसात पोलीस आला. खाकी कपडे दारातून आत येताना मी पाहिले आणि समोरच्या फायलीत मान घातली.

"शेवाळे मॅडम कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी खुर्ची मागे सरकवून उठले.

"मी," म्हटलं.

"मॅडम, ते बांधाच्या भांडणातल्या नकाशाची नक्कल पाहिजे. साहेबांनी पाठवलंय."

मी नक्कल काढून दिली. तीन वेळा वेगळाच गट नंबर काढला. शिपाई मावशी म्हणाली, "मॅडम, बरं वाटत नाही का? तोंड बघा कसं पांढरं पडलंय." खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता काकांचा फोन. "वहिनी, पुण्याहून संपादकबाई स्वतः आल्यात. जरा येता का? मला त्यांच्याशी बोलता येत नाही नीट."

मंगळवार पेठेत काकांची खोली होती, तेच वाचनालय. तीन भिंतींना पुस्तकं, चौथीला खाट. मी गेले तेव्हा खाटेवर एक साठीच्या आसपासच्या बाई बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टा, मांडीवर पिशवी. मी मनात कुणीतरी काळ्या कोटातली बाई कल्पून गेले होते, आणि या निघाल्या एसटीनं आलेल्या.

"मी रोहिणी केंजळे," त्या म्हणाल्या. "मी भांडायला नाही आले. म्हणजे, भांडायलाच आले आहे, पण आधी पाणी द्या मला."

मी माठातलं पाणी दिलं. त्या प्यायल्या आणि मोबाईल काढला.

"हे बघा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मी रांगोळी काढत होते. माझ्या नणंदेचा मेसेज. 'वहिनी, काय सुंदर अंक आहे, नक्की वाच.' उघडलं तर माझाच अंक! माझंच संपादकीय मला वाच म्हणून सांगतेय ती. आणि तिला त्यात काही वावगंही वाटत नाही."

काका मान खाली घालून ऐकत होते.

"दिवाळीआधीच फुकट मिळाल्यावर विकत कोण घेणार? विक्रेत्यांनी गठ्ठे दोरीसकट परत पाठवलेत. सोडलेसुद्धा नाहीत. पंचवीस वर्षं काढतेय मी हा अंक, घरातल्या एका खोलीत बसून. पुढच्या वर्षी निघेल की नाही, मला सांगता येत नाही." "तांबवेकर, दिवाळीआधी हा अंक तुम्ही कुणाकुणाला दिला होता? रजिस्टर ठेवत असालच."

रजिस्टर काकांच्या डोक्यामागच्या फळीवर होतं. लाल कापडी पुठ्ठ्याचं. मला ते बसल्या जागेवरून दिसत होतं.

"आहे ना," काका म्हणाले. "पण ते बायंडिंगला दिलंय."

या माणसाला मी कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. आणि बोलला तर इतकं साधं! बाईंनी नुसती मान वर केली असती तरी पकडला गेला असता. पण त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही?"

"या आमच्या सभासद," काका म्हणाले. "सरकारी नोकरीत आहेत. लिहिण्यातलं सगळं त्याच बघतात माझं."

"मग ते उत्तर तुम्हीच टाईप केलंत? छान मराठी आहे तुमचं. तुम्ही वाचता ना? तुम्हीच सांगा, मी काय करावं?"

आत्ता सांगावं, असं मला वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं. समोर पोलीस नव्हता, वकील नव्हता, गुडघ्याला पट्टा बांधलेली एक बाई होती. पाय धरले असते तर कदाचित तिनं उठवलंही असतं. पण त्याच क्षणी 'तीन वर्षं' हे दोन शब्द डोळ्यांपुढे आले.

"मी काय सांगणार?" म्हटलं. "तुमचं नुकसान झालंय खरं."

त्यांनी सुस्कारा सोडला. "मला कुणाला तुरुंगात घालून काही मिळायचं नाही. पण नुसतं 'चुकून झालं, माफ करा' यावर मी भागवणार नाही. मला एक नाव पाहिजे. येत्या मंगळवारच्या पेपरात जाहीर माफीनामा, पूर्ण नावानिशी, की हे मी केलं. लोकांना कळू दे की यात चोरी असते. माफीनामा आला तर मी नोटीस मागे घेते. नाही आला तर बुधवारी पोलिसांत तक्रार. मग रजिस्टर बायंडिंगवाल्याकडून पोलीसच आणतील."

साडेसहाच्या गाडीला काका त्यांना स्टँडवर सोडायला गेले. मी घरी आले. काकांनी खोटं का सांगितलं, हे मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. त्यांचा वेंधळेपणा असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले.

रविवारी सकाळी अकराला ते आले. जिन्यात ओरडले नाहीत. मृदुला हॉलमध्ये नकाशा रंगवत बसली होती, तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन खुर्ची ओढून बसले.

"माफीनामा टाईप करायचाय," म्हणाले. "घ्या."

मी बोटं कीबोर्डवर ठेवली.

"'जाहीर माफीनामा. उजळवाट या दिवाळी अंकाची मोबाईलद्वारे नक्कल करून ती परवानगीशिवाय समाजमाध्यमांवर प्रसारित केल्याबद्दल मी खाली सही करणार...'" ते थांबले.

"पुढे?"

"पुढे नाव येणार."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे बघत राहिले.

"वहिनी, रजिस्टर बायंडिंगला गेलेलं नाही."

"पाहिलं मी," मी म्हटलं. म्हणजे माझ्याच तोंडून निघून गेलं.

"उत्तर पोस्टात टाकून त्याच दिवशी घरी आलो आणि रजिस्टर काढलं. सरळ आहे ना सगळं. लक्ष्मीपूजनाच्या आधी अंक एकाच घरी होता." ते अजिबात ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आठ दिवस वाट पाहिली मी. म्हटलं सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. त्या बाईंच्या समोर तर मला खात्रीच वाटली होती."

"काका, मला वाटलं नव्हतं हो असं काही होईल. मी सगळ्यांना वाचायला मिळावं म्हणून..."

"असू दे. मला राग आलाय, खोटं कशाला बोलू? माझ्या शिक्क्याचा अंक, माझ्या हातानं तुम्हाला दिलेला. पण राग एक आणि तुमची नोकरी एक. ती पोर बाहेर नकाशा रंगवतेय, तेही दिसतंय मला." त्यांनी खिशातून पेन काढलं, झटकलं, परत ठेवलं. "माझं वय सदुसष्ट. मला नोकरीवरून कोण काढतंय आता? पण एकतीस वर्षं लोकांनी मला घरात पाऊल ठेवू दिलं ते याच नावावर. दोन्ही नावं मी मनात त्या ओळीत लिहून पाहिली. एकदा तुमचं, एकदा माझं. मला ठरवता येईना."

"मग?"

"मग तुम्ही ठरवा. मी खाली जाऊन रिफिल आणतो. तुम्ही टाईप करून ठेवा. जे नाव असेल ते असेल, मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही. तुमचं असलं तर तुम्ही सही करा, माझं असलं तर मी करीन."

आणि ते उठून गेले. जिन्यावर त्यांच्या चपला वाजत गेल्या, मग तोही आवाज थांबला.

मी आधी माझंच नाव टाईप केलं. हे खरं आहे, कुणी विश्वास ठेवो न ठेवो. 'वैजयंता नंदकुमार शेवाळे' इतकं पूर्ण टाईप केलं आणि त्याकडे बघत बसले. ते नाव मंगळवारी पेपरात येणार. ऑफिसात साहेबांच्या टेबलावर पेपर असतो. सासरची माणसं नाक मुरडत म्हणणार, बघा, नोकरी लागली आणि बाईनं काय केलं. बाई नोटीस मागे घेतील, पण खातं मला ठेवील का? प्रोबेशनवरच्या माणसाला काढायला कारण लागत नाही.

"आई."

मृदुला मागे उभी होती, हातात हिरवा रंग.

"तुझं नाव कशाला लिहिलंयस तिथं? आणि वर माफीनामा काय लिहिलंय? तू काय केलंस?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "ऑफिसचं आहे. चुकून पडलं."

आणि तिच्या देखतच मी ते पुसलं. शेवटापासून एकेक अक्षर नाहीसं होत गेलं. ती गेली. मी तिथं 'सदाशिव गणपत तांबवेकर' असं टाईप केलं. फार वेळ लागला नाही, हे मला आजही खटकतं. मला वाटलं होतं हात थरथरेल. थरथरला नाही.

काका आले. उभ्यानंच चष्मा नाकावर खाली सरकवून त्यांनी वाचलं. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि मग उचललं.

"दोन प्रती काढा," ते म्हणाले. "एक पेपरला, एक पुण्याला."

मी काढल्या. त्यांनी सही करायला घेतली तर नवीन रिफिल उमटेना. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला गिरगटलं, मग दोन्हीकडे सही केली. कागद घडी घालून खिशात ठेवले.

"काका," मी म्हटलं.

"येतो," ते म्हणाले. मृदुलाचा नकाशा त्यांनी जाता जाता पाहिला आणि "सह्याद्री छान आलाय हं" असं म्हणून गेले. ते पुन्हा माझ्या घरी कधीच आले नाहीत.

वाचनालय पुढच्या वर्षी बंद पडलं. एकेक घर सुटत गेलं. 'त्यांच्याकडून पुस्तकं नको, मागे काहीतरी भानगड झाली होती' असं लोक म्हणायचे. पुस्तकं त्यांनी कुठल्याशा शाळेला दिली. मी नोकरीत कायम झाले. आज मी निवृत्तीला आलेय, मृदुला बेंगळुरूला असते. काका केव्हा गेले, तेही मला उशिरा कळलं. पण यातलं काही मला तितकं छळत नाही, जितका तो मंगळवार छळतो.

दुपारचा दीड वाजला होता. ऑफिसात डबा उघडून बसले होते. मोबाईल वाजला. 'अक्षरमेळा'वर कुणीतरी पेपरातल्या माफीनाम्याचा फोटो टाकला होता. चौकट, ठळक मथळा आणि खाली काकांचं नाव. आणि मग बघता बघता रांग लागली. 'बरी खोड मोडली', 'असल्या लोकांमुळेच मराठी साहित्याची वाट लागलीये', 'लाज वाटली पाहिजे, एवढं वय झालं तरी', 'यांना वाचनालय चालवायचा हक्कच काय?' ज्यांनी ज्यांनी ते लिहिलं, त्या एकूण एक माणसांनी महिन्याभरापूर्वी मला टाळ्या आणि फुलं पाठवली होती. त्यांच्या मोबाईलात तो अंक तेव्हाही होता, शेवटच्या पानावर माझ्या नावासकट. एकालाही तो उघडून बघायचं सुचलं नाही. तो कुणी शेवटपर्यंत वाचलाच नव्हता.

मी डब्याचं झाकण लावलं. खाली आणखी एक मेसेज आला. नाशिकच्या कुणी बाई होत्या.

'वैजूताई, हे तुमच्या कराडचेच दिसतायत. तुम्ही ओळखता का यांना?'

दोनशे चाळीस माणसं. कितीजणांनी बघितलं ते खाली दिसत होतं, आकडा वाढत होता. कुणी वाट बघत नव्हतं, नाशिकच्या त्या बाईसुद्धा एव्हाना स्वयंपाकघरात गेल्या असतील. उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं. गप्प बसणंसुद्धा पुरलं असतं.

मी टाईप केलं, 'नाही हो. नुसतं नाव ऐकून आहे.'

आणि सवयीनं पुढे जोडलेले हात टाकले.